कुंडीला पाणी घालू नये

वहिनींनी पहिली चोरी केली ती दाताच्या दवाखान्यात. दारावर एक चिठ्ठी डकवलेली होती : ‘डॉक्टर पाच मिनिटांत येतील.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘सकाळपासून येताहेत.’ डॉक्टर आले, दात काढून हात धुऊन मोकळेही झाले, तरी चिठ्ठी दारावर तशीच. बाहेर पडताना वहिनींना हसू फुटलं, पण जबडा बधिर असल्यामुळे ते अर्ध्याच तोंडातून आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नखानं चिकटपट्टीचं टोक उचललं आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली. घरी येईपर्यंत छाती धडधडत होती. आयुष्यात त्यांनी कधी बसचं तिकीट चुकवलं नव्हतं.

त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आज वहिनींच्या कपाटात शर्टांची सात खोकी आहेत आणि त्यांत, बटरपेपरच्या घड्यांमध्ये, तीनशेच्या वर हातानं लिहिलेल्या सूचना. एका दुरुस्तीच्या दुकानावरची, ‘बेल बिघडली आहे. हाक मारावी. मालकांना कमी ऐकू येते, जोरात मारावे.’ एका बंगल्याच्या फाटकावरची, ‘कुत्रा चावत नाही. तरी आमच्यावर विसंबू नये.’ एका शिंप्याची, नुसतीच, ‘आज नाही.’ प्रत्येकीच्या मागे बारीक अक्षरात तारीख, जागा, आणि चिकटवायला खळ वापरली होती की चिकटपट्टी, याची नोंद.

या नादाला नियम होते. सूचना हातानं लिहिलेलीच हवी. तिचं काम संपल्याशिवाय ती काढायची नाही. बेल दुरुस्त झाली, मग कागद आपला. आणि तिसरा नियम, सगळ्यांत कडक : तिच्यातली चूक दुरुस्त करायची नाही. वहिनींनी एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. औषधांची लेबलं, अर्जांचे नमुने, कारखान्यांचे अहवाल. दुसऱ्याची वेलांटी पकडायची आणि समासात लाल खूण करायची, यातच जन्म गेला. निवृत्त झाल्यावर एखादा ‘क्रुपया’ कुणी हात न लावता तसाच्या तसा राहू दिला, की त्यांना शाळेला दांडी मारल्यासारखं वाटे.

घरात दोघीच. वहिनी आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, वन्सं. वहिनींचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. वन्संनी लग्न केलंच नव्हतं. वन्सं टेलिफोन खात्यात होत्या, त्यामुळे बोलणं मोजकं आणि कान तिखट. वहिनींच्या छंदाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं : “लोकांच्या भिंती खरवडून आणते आणि त्याला कपाट देते.”

संग्रहातला खरा ऐवज मात्र बाहेरून आलेला नव्हताच. तो पिकला होता त्यांच्याच इमारतीत. इमारतीचे सेक्रेटरी पूर्वी वजनमापे निरीक्षक होते. चार मजले, सोळा घरं, एक लिफ्ट आणि तळमजल्यावरचा हिरवा फलक, एवढं त्यांचं राज्य. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर निळ्या शाईच्या जाड पेनानं ते सूचना लिहीत आणि खाली ‘हुकुमावरून’ असं लिहून सही ठोकत. हुकूम कुणाचा, हे कधी कुणी विचारलं नाही. त्यांचा राग कागदावर उतरताना इतका नेटका होई, की वहिनी जिना चढायच्या थांबून तिथंच वाचत उभ्या राहत. ‘पहिल्या मजल्यावरून काल पुन्हा पाणी टाकण्यात आले. खाली मी होतो.’ अशा एकोणपन्नास सूचना वहिनींकडे होत्या. पन्नासावी मिळाली की वेगळं खोकं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि नेमका तिथंच घोळ झाला. पहिल्या मजल्यावरचं ते पाणीवालं बिऱ्हाड घर सोडून गेलं आणि इमारत एकाएकी शहाण्यासारखी वागू लागली. चपला जागच्या जागी, कचरा डब्यात, लिफ्टचं दार नीट लावलेलं. चार महिने फलक कोरा. सेक्रेटरी रोज सकाळी हात मागे बांधून जिन्यावरून फिरत आणि काही न सापडल्यामुळे आणखी चिडून घरी जात.

“चांगलंच आहे की,” वन्सं म्हणाल्या.

“कसलं चांगलं? माणूस सुकत चाललाय,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना, वहिनींनी बाल्कनीतली मनीप्लांटची एक कुंडी उचलली, लिफ्टमध्ये कोपऱ्यात ठेवली आणि जिन्यानं वर आल्या. संध्याकाळपर्यंत लिफ्टच्या आरशावर कागद लागलाच.

‘लिफ्टमध्ये एक कुंडी आढळली आहे. लिफ्ट माणसांसाठी आहे. कुंडीस कोणत्या मजल्यावर जायचे आहे, हे तिच्या मालकाने कळवावे. हुकुमावरून.’

वहिनींनी ते चार वेळा वाचलं. खाली, वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी त्याखाली दुसरा कागद आला.

‘कुंडीला पाणी घालू नये. त्याने ती इथेच राहणार असा समज होतो.’

वहिनी चपापल्या. पाणी त्यांनी घातलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं शब्दकोड्यात डोकं घालून बसल्या होत्या.

“वन्सं, कुंडीला पाणी तुम्ही घातलंत?”

“सुकत होती बिचारी,” मान वर न करता वन्सं म्हणाल्या. “आपली कुंडी मला ओळखू येत नाही होय? कडेचा टवका माझ्याच हातून उडालाय.”

“मग बोलला नाहीत ते?”

“तू विचारलं नाहीस. आडवे सात, पाच अक्षरी : निरुपयोगी उद्योग.”

इथं थांबायला हवं होतं. पन्नास झाल्या होत्या, एक वरच झाली होती. पण कुठल्याही जमवणाऱ्याला विचारा, पन्नास झाल्या की साठ खुणावतात. पुढच्या आठवड्यात वहिनींनी कपाटाच्या तळातून यजमानांचा एक जुना काळा बूट काढला. देऊन टाकायचा म्हणून नऊ वर्षं राहून गेला होता. त्याला फडक्यानं पुसून त्यांनी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, टोक भिंतीकडे करून ठेवला, आणि मनातल्या मनात म्हणाल्या, ‘रागावू नका, लगेच परत आणते.’ यजमान असते तर दुसराही त्यांनी स्वतः नेऊन ठेवला असता.

‘डावा बूट, काळा, नऊ नंबर. ज्याचा असेल तो घरी कसा गेला?’

मग जिन्याच्या कठड्याच्या तळाशी जो लाकडी गोळा होता, त्याला वहिनींनी लोकरीची कानटोपी घातली. ‘कठड्यास थंडी वाजत नाही. टोपी दोन दिवसांत न नेल्यास ती मी वापरीन.’ आणि खरंच, तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी टोपी घालून फिरताना दिसले. चांगली दिसत होती त्यांना. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या चालण्यात जीव आला होता. ते जिन्यावर अचानक थांबून मागे वळून पाहत. दुपारची झोप त्यांनी सोडली होती. त्यांची बायको वाण्याच्या दुकानात वहिनींना म्हणाली, “हल्ली जेवताना गप्प असतात आणि मध्येच म्हणतात, ‘सापडला!’ मग पुन्हा म्हणतात, ‘छे.’”

आता वहिनींनी मर्यादा ओलांडली, ती अशी. एका दुपारी त्या खाली आल्या, तर फलकासमोर कुणी नव्हतं. फलक दोन खिळ्यांना तारेनं टांगलेला. त्यांनी तो उतरवला, उलटा केला आणि पुन्हा टांगला. ‘टोपी दोन दिवसांत’ पायावर उभं राहायचं ते डोक्यावर उभं राहिलं. वर येईपर्यंत वहिनींना इतकं हसू येत होतं, की किल्ली कुलपात जाईना.

त्या संध्याकाळी लागलेल्या कागदावर विनोदाचा लवलेश नव्हता.

‘फलक उलटा टांगणाऱ्यास मी ओळखून आहे. रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी तळमजल्यावर जमावे. तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूने अवश्य जमावे.’

तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू म्हणजे ट्रम्पेटवाला. तिशीचा, लांब मानेचा, एका वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारा माणूस. दुपारी घरी असणारा इमारतीतला तो एकटाच धडधाकट पुरुष. बाकीचे कामावर, नाहीतर सेक्रेटरींसारखे निवृत्त. या सगळ्या गमतीत कुणीतरी दुसराच धरला जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

“आता?” त्यांनी वन्संना विचारलं.

“आता काय? जमायचं,” वन्सं म्हणाल्या.

रविवारी स्कूटर बाजूला सारून तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी एका टेबलावर पुरावे ओळीनं ठेवले होते : कुंडी, बूट, आणि स्वतःच्या डोक्यावरून काढलेली टोपी.

“मी वीस वर्षं खोटी वजनं पकडली आहेत,” त्यांनी सुरुवात केली. “माणूस दिसायला कितीही सरळ असो, तागडी बोलते. तुमचा बूट कितवा?” हे ट्रम्पेटवाल्याला.

“नऊ,” तो म्हणाला. “पण माझे दोन्ही माझ्याकडे आहेत. दाखवू?”

“दुपारी घरी असता?”

“असतो. वाजवू देत नाही तुम्ही, म्हणून नुसता असतो.”

खुर्च्यांत कुणीतरी खुदकन हसलं. सेक्रेटरींची मान ताठ झाली. “घरमालकांना पत्र लिहून यांना जागा रिकामी करायला सांगावं, असा माझा प्रस्ताव आहे. विरोध असलेल्यांनी हात वर करावा.”

कुणी हात वर करेना. रविवारची सकाळ, सगळ्यांना घरी जायचं होतं. ट्रम्पेटवाला आपल्या लांबट बोटांकडे पाहत बसला. वहिनींनी हात वर केला. तो कुणाला दिसेना, म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

“ते मी केलं,” त्या म्हणाल्या.

“काय केलंत?” सेक्रेटरींनी विचारलं.

“सगळंच. कुंडी, बूट, टोपी. फलकसुद्धा.”

मोठा हशा पिकला. चौसष्ट वर्षांच्या, चष्मा दोरीला बांधलेल्या, लिफ्टमध्ये सगळ्यांना आधी वाट देणाऱ्या वहिनी! “भाडेकरूला पाठीशी घालू नका हो,” पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. “मन मोठं आहे तुमचं, पण...”

“मन कसलं मोठं,” वन्सं खुर्चीतूनच म्हणाल्या. “खरं सांगतेय ती. पाणी तेवढं मी घातलं.”

“पण का?” सेक्रेटरींच्या आवाजात आता रागापेक्षा गोंधळ जास्त होता. “माझं काय वाकडं होतं तुमच्याशी?”

वहिनी वर गेल्या आणि दोन खोकी घेऊन आल्या. टेबलावरचा बूट बाजूला सारून त्यांनी झाकण उघडलं. बटरपेपरच्या घडीतून एकेक पान बाहेर आलं. निळी जाड शाई, कॅलेंडरची तारीख पाठीमागून पुसट दिसणारी, कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे पिवळे डाग. ‘खाली मी होतो.’ ‘लिफ्टमध्ये उड्या मारून ती लवकर येत नाही.’ ‘टाकीचे झाकण उघडे ठेवणाऱ्याने त्यात एकदा पाहावे, म्हणजे कोण ते कळेल.’

सेक्रेटरी खाली बसले. चष्मा लावला. एक वाचलं, बाजूला ठेवलं, दुसरं उचललं. मध्येच त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. ते स्वतःच्याच वाक्याला हसत होते. लोक टेबलाभोवती गोळा झाले आणि मोठ्यानं वाचू लागले. बराच वेळ गेला.

“तुम्ही छापखान्यात होतात ना?” अखेर सेक्रेटरींनी विचारलं. “मुद्रितं तपासायला?”

“हो.”

“मग...” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चुका किती आहेत?”

“एक,” वहिनी म्हणाल्या.

“अकरा वर्षांत?”

“एकच.”

“कुठली?”

“‘जीन्यात सायकल ठेवू नये.’ जिन्याचा जि ऱ्हस्व.”

“दीर्घ आहे!”

“ऱ्हस्व आहे.”

“अहो, जिना किती लांब असतो!” सेक्रेटरी ओरडले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते लाजल्यासारखे झाले. घरमालकाला लिहायच्या पत्राचं पुढं कुणाला आठवलंच नाही.

ट्रम्पेटवाल्याला मात्र आठवत होतं. वहिनी त्याच्यापाशी जाऊन म्हणाल्या, “चुकलं माझं. तुमचं नाव येईल असं वाटलं नव्हतं.”

सिनेमातला माणूस असता तर म्हणाला असता, जाऊ द्या हो मावशी. हा तसलं काही म्हणाला नाही. “तो कागद लागल्यापासून लोक माझ्याकडे बघून लिफ्टचं दार लावून घेत होते,” तो म्हणाला. “काकूंनी घाईघाईनं पायपुसणं आत घेतलं, माझ्यादेखत. तुम्हाला मजा वाटत होती आणि मला कळत नव्हतं की मी काय केलंय.”

वहिनींची मान खाली गेली. “काय करू, सांगा.”

त्यानं थोडा विचार केला. “मला सराव करायला जागा नाही. रोज एक तास. तुमचं घर सगळ्यात वरचं, टोकाचं आहे.”

“माझी हरकत नाही,” वहिनी पटकन म्हणाल्या.

“कुणी मला विचारणार आहे का?” वन्संनी विचारलं. कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते चार त्यांच्या बैठकीच्या खोलीत ट्रम्पेट वाजू लागला. वन्सं पहिले चार दिवस कानांत कापूस घालून बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी कापूस काढला आणि म्हणाल्या, “तो वरचा सूर धरताना तुम्ही भुवया उगाच उडवता. त्यानं सूर वर जात नाही.” ट्रम्पेटवाल्यानं भुवया खाली ठेवून वाजवून पाहिलं, आणि त्या दिवसापासून तो वन्संना जरा वचकून वागू लागला.

वहिनींना वाटलं, सगळं नीट मार्गी लागलं. पण खरी पंचाईत पुढंच होती.

सेक्रेटरींना आता ठाऊक झालं होतं की आपलं लिहिणं कुणीतरी जपून ठेवतंय. पुढच्याच आठवड्यात फलकावर नवी सूचना आली. कोरा, जाड, पांढरा कागद. काळी शाई. ‘हे रहिवासी बंधुभगिनींनो! दिव्याचे बटण म्हणजे केवळ बटण नव्हे. ते आपल्या विवेकाचे प्रतीक होय...’ आणि असं पुढं पाऊण पान. शेवटी नुसती सही नाही, तारीख, वेळ आणि ‘आवृत्ती पहिली’. चार दिवसांनी ते स्वतःच वहिनींच्या दारात उभे. हातात प्लास्टिकची फाइल.

“तुम्हाला काढायचा त्रास नको,” ते म्हणाले, “म्हणून दोन प्रती केल्या. एक तुमची.”

वहिनींनी घेतली. नाही कसं म्हणायचं? मग दुसरी आली, तिसरी आली. एकीत चक्क यमक होतं. जुन्या सूचना सुधारून लिहून देण्याचीही त्यांनी तयारी दाखवली, विशेषतः ती सायकलची. फाइल टेबलावर पडून राहिली. वहिनींच्यानं ती खोक्यात ठेववेना. एकतीस वर्षांत त्यांनी लेखकांना शेकडो चुका दाखवल्या होत्या, पण एकही चूक नसलेला कागद परत कसा करायचा, हे छापखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी पाचव्या वेळी त्यांनी धीर केला. सेक्रेटरी खुर्चीच्या कडेवर बसले होते, चहा संपला होता.

“फार छान लिहिता हल्ली,” वहिनी म्हणाल्या.

“आवडलं?”

“नाही.”

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला.

“पूर्वी तुम्ही पाणी टाकणाऱ्यावर चिडायचात आणि लिहायचात,” वहिनी म्हणाल्या. “आता तुम्ही माझ्या कपाटासाठी लिहिता. मला नाही ठेवता येत ते. माफ करा.”

ते उठले. फाइल काखेत मारली. दारात वळून म्हणाले, “तुम्हीच फलक उलटा टांगता आणि तुम्हीच...” पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी वहिनींकडे पाहिलं नाही आणि फलकावर काहीही लावलं नाही. लिफ्टमध्ये समोरासमोर आले की दोघंही आकड्यांच्या बटणांकडे टक लावून पाहत. वहिनींना वाईट वाटे. आपण एका म्हाताऱ्या माणसाची हौस मोडली, असं त्या रोज एकदा तरी म्हणत आणि वन्सं रोज म्हणत, “मोडली तर मोडली. तू ती कपाटात ठेवायला निघाली होतीस, ते काय कमी होतं?”

चौथ्या आठवड्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला. एका सकाळी वहिनी दूध घ्यायला खाली उतरत होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीवर, एक कागद दिसला. कॅलेंडरचं पान. घाईघाईनं फाडलेलं, एक कड तिरपी. निळी शाई.

‘उघडी छत्री जिन्यात वाळत घालणाऱ्यास : मी पडलो नाही. पण पडलो असतो. हुकुमावरून.’

वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि हसल्या. दूध आणायचं राहिलंच. त्या धापा टाकत वर आल्या, वन्संना हाताला धरून खाली घेऊन गेल्या आणि त्यांना कागदासमोर उभं केलं. वन्संनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

“बरं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

“छत्री कुणाची असेल हो?” वहिनींनी विचारलं.

“आपलीच आहे. काल संध्याकाळी मीच ठेवली.”

“वन्सं! मुद्दाम?”

“ओली होती,” वन्सं म्हणाल्या आणि आभाळ कोसळलं तरी याहून जास्त सांगणार नाही अशा चेहऱ्यानं वहिनींच्या हातातली दुधाची पिशवी घेऊन खाली उतरू लागल्या.